रविवारचा कोळसा

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला सोनवणे साहेब मांडवात नव्हते. ते मागे होते, आचाऱ्यापाशी. मंगलाष्टकं संपून पंगतीची गडबड सुरू झाली, तेवढ्यात आचारी तणतणत माझ्याकडे आला.

"अहो, ते तुमचे सफारीवाले पाहुणे आवरा आधी. मी झाकण काढलं की ते परत लावतायत. मी भात बघू की नको?"

मागे जाऊन पाहतो तो साहेब मसालेभाताच्या पातेल्यावर परात दाबून धरून उभे. मला बघून म्हणाले, "लिमये, अभिनंदन. या माणसानं मघापासून तीन मुठी घालवल्या."

मूठ म्हणजे कोळशाची मूठ. जगात काहीही वाया गेलं, की साहेब ते कोळशाच्या मुठीत सांगत. "अहो, इथे गॅस आहे," मी म्हणालो. "जळतं ते सगळं एकच," साहेब म्हणाले आणि त्यांनी परातीवर वरवंटा ठेवला.

साहेबांची नि माझी ओळख नोकरीतली. तरुणपणी ते एका कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकायला लागले होते. फावड्यानं कोळसा ओढता ओढता परीक्षा दिल्या आणि त्याच कारखान्यात बॉयलर इंजिनिअर झाले. निवृत्तीनंतर आमच्या छोट्याशा कचेरीत आले. आमचं काम असं, की कारखान्यांत जायचं आणि इंधन कुठे फुकट जळतंय ते शोधून सांगायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या चुका काढायच्या आणि वर त्याचाच चहा प्यायचा. पुण्यात हे काम लोक हौसेनं करतात, आम्हाला त्याचा पगार मिळत होता.

कचेरी चौथ्या मजल्यावर. मी लिफ्टमधून बाहेर पडलो, की साहेब मान वर न करता म्हणायचे, "आलात? अर्धी मूठ." पंख्याखाली कुणी बसलेलं नसलं तर पाव मूठ. माझ्या नारायण पेठेतल्या घरी एकदाच आले, तर बायकोनं चहाचं आधण ठेवलं त्यावर उठून ताटली ठेवून आले. बायको मला म्हणाली, "पुढच्या वेळी यांना बाहेरच चहा पाजा." मला तिचं चुकीचं वाटलं नाही.

पण कारखान्यात हाच माणूस बघण्यासारखा असायचा. हातात एक लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक वाफेच्या नळावर टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. आत वाफ कुठून निसटतेय ते त्यांना ऐकू यायचं. आमच्याकडे त्यासाठी चांगलं यंत्र होतं. ते मी वापरायचो आणि माझं उत्तर बरोबर आहे का हे साहेबांना विचारायचो.

भोसरीत कापड रंगवण्याचा एक कारखाना होता. नव्वदनंतर ज्यांची भरभराट झाली त्यांपैकी एक. एका शेडच्या तीन शेड झाल्या होत्या. मालक तरुण, बोलायला फटकळ. साहेबांनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "हे बघा, पुढारलेल्या देशांनी इतकी वर्षं धूर सोडला, तेव्हा त्यांना कुणी विचारलं नाही. आपला देश आत्ता कुठे चार घास पोटभर खायला लागला, तर म्हणे कमी करा. माझ्याकडे दोनशे माणसं कामाला आहेत. त्यांना जाऊन सांगा, कमी करा म्हणून."

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. साहेबांनाही पटलं असावं, कारण त्यांनी मान डोलावली.

"कारखाना कमी करा म्हणालो का मी?" ते म्हणाले. "चांगला दुप्पट करा. माझं घर कारखान्यावरच उभं राहिलं. फक्त झाकण लावा. माझी आई उघड्यावर चूल पेटवायची, ती गरिबी होती. तुम्ही उघड्यावर वाफ सोडताय, ही कसली श्रीमंती?"

"पण धूर कुठे दिसतोय तुम्हाला?" मालकानं चिमणीकडे बोट दाखवलं.

"दिसते ती काजळी. आभाळ तापवतो तो वायू दिसत नाही. दिसला असता तर माझी गरजच नव्हती."

एवढं बोलून साहेब शेडमागे गेले, गटारापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी सरळ आत हात घातला. चटका बसून हात मागे आला. वाफ थंड होऊन झालेलं स्वच्छ पाणी होतं ते, चांगलं कढत, दिवसरात्र गटारात चाललेलं. लाल झालेला पंजा मालकापुढे धरून ते म्हणाले, "हे पाणी नाही हो. कोळसा आहे. गरम पाणी फेकताना माणसाला काहीतरी वाटलं पाहिजे."

सहा महिन्यांनी ते पाणी नळातून परत बॉयलरकडे जायला लागलं. कोळशाचे ट्रक कमी झाले, शेड मात्र चार झाल्या. मालकानं पेढे पाठवले. साहेब आवर्जून भोसरीला गेले, पाण्याच्या नव्या टाकीला झाकण आहे ना ते बघायला.

मग हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींची कामं यायला लागली. तिथे चिमणी नाही, बॉयलर नाही. पण भर मे महिन्यात पोरी शाली पांघरून बसलेल्या, कारण एसी इतका गार. "बाहेर भट्टी आणि आत हिमालय," साहेब म्हणाले, "आणि मधे नुसती काच." अशाच एका कंपनीत त्यांची मुलगी प्रज्ञा कामाला होती. त्या कामासाठी साहेब नेहमीपेक्षा लवकर तयार झाले होते. दाढीही नीट केली होती.

घरात बापलेक दोघंच. प्रज्ञा आठवीत असताना तिची आई गेली. नोकरी लागल्यावर ती वर्षभर स्वारगेटहून कंपनीच्या बसनं जात होती. जायला दोन तास, यायला दोन तास. शेवटी मैत्रिणींबरोबर हिंजवडीतच फ्लॅट घेऊन राहिली. "दर रविवारी येईन, बाबा," असं सांगून गेली होती.

दुपारी कँटीनमध्ये ती आमच्याबरोबर जेवायला बसली. हसरी, बोलकी मुलगी.

"लिमये काका, ऑफिसात तुम्हाला मुठी ऐकवतात, मला तर बाथरूममध्ये! आमच्याकडे गीझर फक्त पाच मिनिटं. बाबा बाहेर घड्याळ घेऊन उभे. प्रज्ञा, दोन मुठी झाल्या! माझे केस कमरेपर्यंत. डोक्यात शिकेकाई तशीच आणि पाणी गार. दहावीत एकदा रडले होते मी, एक दिवस तरी मला पोटभर गरम पाणी घेऊ द्या. तर म्हणाले, सगळा देश असं म्हणाला तर?"

मी मोठ्यानं हसलो. तीही हसली. "आता काही टेन्शन नाही. फ्लॅटवर ट्वेंटी फोर अवर्स हॉट वॉटर!"

साहेब हसले नाहीत. खाली बघून भाकरीचे तुकडे करत राहिले. जेवण झाल्यावर ते तसेच उठले. त्यांच्या डब्याचं झाकण उघडंच राहिलं होतं, ते मी लावलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका रविवारी अहवालावर सही हवी म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. स्वारगेटच्या मागे दोन खोल्यांचं घर. सगळ्या भांड्यांवर झाकणं. अर्धवट शिजलेला कुकर जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलेला, म्हणजे भात पुढे आपल्याच उबेवर शिजतो. हे सगळं माझ्या अपेक्षेप्रमाणे होतं. अपेक्षेबाहेरचं एकच होतं. बाथरूमच्या दारावर गीझरचा लाल दिवा लागलेला होता.

स्टुलावर नवा कोरा गुलाबी टॉवेल. शेजारी वाटीत उकळलेली शिकेकाई, अर्थात झाकलेली.

"प्रज्ञा येतेय," साहेब म्हणाले. "रविवार ना."

बोलताना त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. अकरा वाजले. साडेअकराला फोन वाजला. "हो... हो... छे, मी काही खास केलं नव्हतं. तू जेवून घे वेळेवर." फोन ठेवून ते म्हणाले, "काम निघालं तिचं."

इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली, म्हणून हात आपोआप बटणाकडे गेला. "साहेब, गीझर चालू राहिलाय."

"राहू द्या."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"सातला लावतो," ते म्हणाले. "ती कधी येईल सांगता येत नाही ना. आल्या आल्या तिला पाणी कढत पाहिजे."

"दर रविवारी?"

"दर रविवारी." मग मी न विचारताच ते म्हणाले, "याच्या मुठी मी मोजत नाही."

प्रज्ञा दिवाळीला येऊन गेली होती. आता होळी होऊन गेली होती. मला फार वाईट वाटलं, आणि कँटीनमध्ये मोठ्यानं हसलो होतो त्याची लाजही वाटली.

"मग त्या पाण्याचं काय करता?"

"गार होतं. संध्याकाळी भांडी घासतो." त्यांनी टॉवेलची घडी उगाचच सारखी केली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिमये, अंघोळ झालीय का हो तुमची?"

"सकाळीच झाली."

"डोक्यावरून?"

माझ्या डोक्यावर कानांच्या वर चार केस आहेत, बाकी मैदान. एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी मी सही न झालेला अहवाल खाली ठेवला, गुलाबी टॉवेल उचलला, शिकेकाईची वाटी घेतली आणि दार लावून घेतलं.

पाणी छान कढत होतं. टकलावर शिकेकाई चोळून मी तांब्या तांब्या ओतत राहिलो. एक बादली संपली. दाराबाहेर साहेब उभे असल्याची चाहूल लागत होती. आता मुठी ऐकायला मिळणार म्हणून मी नळ बंद केला.

"बंद का केलात?" बाहेरून आवाज आला. "घ्या अजून. भरपूर आहे."