फ्रीझरशेजारचं गाणं

बायको ह्यूस्टनला जाऊन सातवा आठवडा लागला, त्या सोमवारी फेरिस ओझेनने घरच्या घरी एक गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं. तसा तो ठरवणाऱ्यातला माणूस नव्हे. लॉटेल गावच्या शाळेची बस त्याने एकतीस वर्षं चालवली, पण कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं हे दुसऱ्यांनीच ठरवून दिलेलं होतं. घरात ते काम व्हर्लीनकडे होतं. पण व्हर्लीन लेकीच्या बाळंतपणाला गेली, लेकीला जुळं झालं, आणि "दोन आठवड्यांत येते"चे बघता बघता सात आठवडे झाले.

रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा.

"जेवलास का, शा?" 'शा' म्हणजे तिकडच्या बोलीत लाडाचं 'राजा'.

"जेवलो."

"काय जेवलास?"

"भात."

"भातावर काय होतं?"

"भातावर..." फेरिस खिडकीबाहेर बघायचा. "आज गवत कापलं."

सांगायचं असायचं वेगळंच. घर एकाएकी मोठं झालंय. पलंगाच्या तुझ्या बाजूला मी अजून पाय टाकत नाही. तुझा कॉफीचा कप कुणी वापरत नसताना रोज धुतो. हे सगळं घशापर्यंत यायचं आणि गवत होऊन बाहेर पडायचं. चाळीस वर्षांच्या संसारात "तुझी आठवण येते" हे तीन शब्द त्याने एकदाही उच्चारले नव्हते. (त्याची बाजू अशी, की आठवण यावी इतकी लांब ती कधी गेलीच नव्हती.)

बोलता येत नाही तर गाऊन टाकावं, असं त्याच्या मनाने घेतलं. तरुणपणी तो शनिवारच्या नाचांना अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. व्हर्लीन पहिल्यांदा दिसली तीही अ‍ॅकॉर्डियनच्या भात्यावरूनच, दुसऱ्या कुणाशी तरी नाचताना. कपाटावरची पेटी त्याने खाली काढली, धूळ पुसली आणि दोन दिवस खपून वॉल्ट्झच्या संथ चालीचं तीन कडव्यांचं गाणं रचलं. तेही आजीच्या क्रिओल फ्रेंचमध्ये. ती भाषा त्याला निम्मीशिम्मीच येत होती, पण मनातलं बोलायला तीच बरी वाटली. इंग्रजीत म्हटलं असतं तर व्हर्लीनने आधी त्याचा ताप बघायला सांगितलं असतं.

झायडेको, म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत, म्हटलं की अ‍ॅकॉर्डियनच्या जोडीला छातीवर अडकवायचा पन्हळी पत्रा हवाच. तो वाजवायला शेजारचा चुलतभाऊ हॉलिस बुधवारी दुपारी आला, पत्रा अंगात घालूनच. त्याच्या दोन्ही हातांत पत्र्यावर घासायला बाटल्या उघडायच्या चाव्या होत्या.

"विरहाचं गाणं आहे," फेरिस म्हणाला. "पत्रा हळू वाजव."

"पत्रा हळू वाजत नाही. हळू वाजवला की भांडी घासल्यासारखं वाटतं."

"मग विरहात कुणी भांडी घासत नाही का? मी सात आठवडे दुसरं काय करतोय?"

घरातली सगळ्यात शांत खोली म्हणजे मागची कपडे धुवायची. खिडकी नाही, रस्ता लांब. भिंतींवर व्हर्लीनच्या गोधड्या टांगल्या, साबणाच्या खोक्यावर फोन उभा केला, आणि दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले. पहिल्या खेपेला कुत्रं भुंकलं. दुसऱ्या खेपेला ऐन अंतऱ्यात हॉलिसचं पोट बोललं. तिसरी खेप दोघांनी ऐकली, तेव्हा हॉलिसने कान टवकारले.

"हे 'ऊं' कोण करतंय?"

फेरिसने मागे बघितलं. भिंतीला लागून संदुकीसारखा लांबलचक फ्रीझर होता. सासूबाई, म्हणजे ओदिलबाई, दोन वर्षांपूर्वी वारल्या, तेव्हा त्यांच्या घरून आलेला.

"पेटीच्या सुराच्या जरा खाली लागतोय," हॉलिस म्हणाला.

"ओदिलबाईंचाच आहे. मी वाजवायला बसलो की त्याही असाच सूर काढायच्या."

फेरिसने फ्रीझरची वायर ओढली. खोली गप्प झाली. आणि मग जे वाजलं ते खरोखर चांगलं वाजलं. डोळे मिटून तो गात गेला, तिसऱ्या कडव्याला आवाज जरा फाटला, त्याने तो तसाच फाटू दिला. पत्रासुद्धा दबक्या पावलांनी चालल्यासारखा वाजला. संपल्यावर हॉलिस नाक पुसत म्हणाला, की या साबणाच्या वासाने आपल्याला पूर्वीपासून त्रास होतो. मग दोघं त्या खुशीत क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, खायला हॉलिसकडे गेले. व्हर्लीन आली की समोर बसवून ऐकवायचं, फोनवर पाठवायचं नाही, असं फेरिसने मनाशी पक्कं केलं. वायर जमिनीवर पडून राहिली.

शुक्रवारी सकाळी तो विजार धुवायला मागे गेला आणि त्याचे मोजे ओले झाले.

त्याने खाली बघितलं. मग वायरकडे बघितलं. मग कुणी बघत नाहीये ना, ते बघितलं.

फ्रीझर उघडला तर वरच्या थरातली सॉसेजं मऊ पडलेली, हरणाचं मांस गळतंय, आणि नेमका ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार, म्हणजे मासळी तेवढी चालणार, मांस तोंडात टाकायची सोय नाही. पण फेरिसला त्याची फिकीर नव्हती. तो सगळं बाजूला सारत कोपरापर्यंत हात घालून तळाशी काहीतरी शोधत होता. शेवटी हाताला लागला तो आइस्क्रीमचा जुना डबा. झाकणावर पट्टी, पट्टीवर ओदिलबाईंचं वाकडं अक्षर: "भेंडी. कोळंबी. ऑगस्ट."

तो त्यांच्या हातचा शेवटचा गंबो, भातावर घ्यायचा दाट रस्सा. ऑक्टोबरात त्या गेल्या. तेव्हापासून व्हर्लीन फ्रीझर आवरायची तेव्हा तो डबा बाहेर काढायची, पुसायची, थोडा वेळ मांडीवर धरून बसायची आणि परत तळाशी ठेवून द्यायची. खायचा का, असं फेरिसने एकदाच विचारलं होतं. त्यानंतर तीन दिवस घरात जे जेवण मिळालं, त्यावरून तो विषय संपला होता.

डबा हलवला तर कडेने डुचमळला. मधे अजून बर्फाचा गोळा होता.

हॉलिसला बोलावणं गेलं. त्याने डबा बघितला आणि टोपी काढली.

"परत गोठव. बोलू नकोस."

"वितळलेली कोळंबी परत गोठवायची? उद्या तिने खाल्ली आणि काही झालं तर?"

"ती कुठे खातेय? ती पुसते नुसती."

"डबा तिरका गोठेल. तिला कळेल."

"मग असं करू. हा आपण खाऊ, नवा शिजवू आणि डबा भरून ठेवू."

फेरिसने त्याच्याकडे इतका वेळ बघितलं, की हॉलिसने टोपी परत घातली. "मी नुसतं सुचवलं," तो म्हणाला आणि सॉसेजं आपल्या फ्रिजमध्ये ठेवतो म्हणून ती घेऊन निघून गेला.

फेरिसने फोन लावला. व्हर्लीन रोज संध्याकाळी फोन करायची, सकाळी कधी कुणी कुणाला केला नव्हता. त्यामुळे तिने उचलला तोच घाबरून.

"काय झालं?"

बस चालवताना सुद्धा कधी सुटला नव्हता तसा त्याचा धीर सुटला. "व्हर्लीन, तुझी आई वितळली."

पलीकडे एक बाळ रडत होतं. मग दुसरं रडायला लागलं.

"फेरिस, तू काय पिऊन बसलायस?"

"फ्रीझरमधली. म्हणजे गंबो. मी वायर काढली होती."

"का?"

"तो सुरात नव्हता."

"कोण?"

"फ्रीझर."

फेरिस भांडण ऐकायला तयार होता, रडणं ऐकायलाही तयार होता. पण तिचं नुसतं गप्प राहणं त्याच्याच्याने ऐकवेना. "माझं चुकलं, व्हर्लीन," तो म्हणाला. "मधे बर्फ आहे अजून. मी काय करू ते सांग."

"पातेल्यात काढ," ती सावकाश म्हणाली. "जाड बुडाचं घे. आच मंद ठेव, नंतर चांगली उकळी येऊ दे. फार ढवळू नकोस, कोळंबी मोडेल. भात मी आल्यावर लाव."

"तू येतेस?"

"जावई घरी आहे रविवारपर्यंत. मी निघते."

फोन ठेवल्यावर फेरिस थोडा वेळ ओल्या मोज्यांतच उभा राहिला. ज्या माणसासाठी त्याने दोन दिवस यमकं जुळवली, ते माणूस एक वायर विसरल्यामुळे निघालं होतं.

दुपारी तीनला तिची गाडी आली. ती दारातूनच वास घेत आत शिरली, त्याच्याकडे न बघता थेट चुलीपाशी गेली आणि पातेल्यावर वाकून उभी राहिली. तो मागे उभा होता. तिच्या मानेवर बाळाच्या दुधाचा वाळलेला डाग होता आणि केस विंचरायचे राहिले होते. ती त्याला इतकी सुंदर दिसली, की त्याने गवताचा विषय काढला.

"पाहिलं येताना," ती म्हणाली. "भात लाव."

दोघं टेबलाशी बसले. तिने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"खारट," ती म्हणाली.

"मी काही घातलं नाही."

"तू नाही. ती. नेहमी खारट करायची, आणि कुणी बोललं की आणखी चिमूटभर टाकायची." ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिने आणखी भात घेतला. "दोन वर्षं विसरले होते मी की खारट असायचा."

पातेलं दोघांनी पुसून खाल्लं. रिकामा डबा तिने स्वतः धुतला, पट्टीला पाणी लागू दिलं नाही.

मग फेरिसने फोन टेबलावर ठेवला. "वायर का काढली, ते हे," म्हणाला आणि गाणं लावून भिंतीकडे बघत बसला.

व्हर्लीनने हनुवटी हातावर टेकवून सगळं ऐकलं. क्रिओल तिला आईमुळे चांगली येत होती. दुसऱ्या कडव्याच्या सुमारास तिचे खांदे हलायला लागले. फेरिसला वाटलं, पोचलं.

"छान वाजवलंस," गाणं संपल्यावर ती डोळे पुसत म्हणाली. "अगदी तेव्हा वाजवायचास तसं. फक्त धृपदात तू काय म्हणतोयस?"

"तुझी आठवण येते म्हणतोय," फेरिस म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पण ते असं खुलासा म्हणून बाहेर पडलं.

"त्याला आधी 'मी' लावावं लागतं, शा. तू 'तू' लावलंयस. त्याचा अर्थ होतो, तुझा मला कंटाळा आलाय." तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "अकरा वेळा म्हटलंयस. मी मोजलं."

"परत करतो रेकॉर्ड."

"अजिबात नको. फ्रीझर चालू राहू दे."

तिने हात काढला नाही. रविवारी सकाळी ती परत गेली. जाताना गाणं तिच्या फोनमध्ये घालून घेतलं. घर पुन्हा मोठं झालं. सहा कधी वाजतात म्हणून फेरिस रोज पाचपासून फोनशेजारी बसायला लागला.

"तुझं गाणं इथे सगळ्यांना फार आवडतं," बुधवारी ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली.

"खरंच? पोरीला आवडलं?"

"पोरीला, जावयाला, दोन्ही बाळांना. पहिलं कडवं संपायच्या आत सगळे गाढ झोपतात." तिने जांभई दिली. "मी एकटीच नेटाने दुसऱ्यापर्यंत जाते."