पाटणकरकाकांचा काना

आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळात गणपतीच्या जेवणाला प्रत्येक भांड्यापुढे पदार्थाच्या नावाची चिठ्ठी असते. पाटणकरकाका ताट घेण्याआधी खिशातून तांबडी पेन्सिल काढतात आणि चिठ्ठ्या तपासतात. माझ्या 'कोथींबीर वडी'ची वेलांटी ऱ्हस्व होईपर्यंत त्यांनी वडीला हात लावला नाही. मागे निम्मं मंडळ ताटं घेऊन ताटकळलेलं. वडी गार झाली. "छान झालीय," काका म्हणाले, "आता."

काका इथल्या विद्यापीठात जन्मभर चिनी शिकवत होते. बोलायची चिनी नव्हे. तिथले प्राचीन ग्रंथ कुणी जपले, कुणी जाळले, नक्कल करताना कोण कुठे चुकलं, हा त्यांचा विषय. राजानं पुस्तकं जाळली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं आठवणीतून ग्रंथ सांगितला म्हणे. पुढे भिंतीत लपवलेली प्रत सापडली, तर ती निराळीच. मग खरी कुठली, यावर पंडित शतकानुशतकं भांडले. काका हे अशा तावातावानं सांगतात, की त्या भांडणात ते स्वतः हजर होते असं वाटतं.

कुणाच्या सुनेचं बिनसलं, कुणाचा जॉब गेला, काहीही सांगा, काका विचारणार, "प्रत कोणती?" म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी? त्यांच्यासमोर चार चहाड्या करायची सोय नाही. वैताग नुसता.

तर मंडळाचा दिवाळी अंक मी काढते. यंदा काकांनी लेख दिला. शेवटचं वाक्य होतं, 'हे ग्रंथ नवी पिढीही जपेल, अशी मला आश आहे.' मी काना दिला, प्रूफ पाठवलं. काना खोडून परत आलं. मी पुन्हा दिला, त्यांनी पुन्हा खोडला. माझं डोकंच फिरलं. एका वेलांटीपायी माझी वडी गार करणारा हा माणूस! गाडी काढली आणि थेट त्यांच्या घरी गेले.

"काका, 'आशा'ला काना लागतो."

"लागतो."

"मग?"

काकांनी एका जुन्या चिनी पानाचा फोटो माझ्यापुढे ठेवला. एका अक्षरावर बोट टेकवलं. "याची शेवटची रेघ नाही. नक्कल करणारा चुकलेला नाही. हे राजाचं नाव. राजाचं, वडिलांचं नाव पुरतं लिहायचं नाही. मान म्हणून एक रेघ गाळायची. त्या गाळलेल्या रेघेवरून आम्ही आज सांगतो, पुस्तक कुणाच्या काळातलं."

भिंतीवर काकूंचा फोटो होता. मी इथे यायच्या आधीच त्या गेल्या. अजूनही सगळे त्यांना काकूच म्हणतात, त्यामुळे नाव मला ठाऊकच नव्हतं.

"काकूंचं नाव..." मी म्हटलं.

"तू काना देत होतीस, तेच." काका फोटोकडे न बघता बोलत होते. "बायकोसाठी तिकडे कुणी असं करत नसे. पण हिनं जन्मभर माझं नाव घेतलं नाही. 'अहो, ऐकलंत का,' एवढ्यावर संसार केला. मी मात्र दिवसभर हिच्या नावानं हाका मारायचो. चष्मा कुठे, किल्ली कुठे. आता माझी पाळी."

भांडायला गेलेली मी. मला रडू आवरेना.

अंक निघाला, आणि फोन सुरू झाले. अहो, शेवटच्या वाक्यात केवढी चूक, प्रूफं कुणी बघितली? मी सांगितलं, मूळ प्रतीत आहे तसंच छापलंय.

काका दर वर्षी अंक तपासून मला परत पाठवतात. यंदाही आला, पानोपानी तांबडा. माझ्या संपादकीयालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्याच्या शेवटी मी मुद्दाम लिहिलं होतं, 'अंक आवडेल, अशी आश आहे.' त्या शब्दाशेजारी पेन्सिल टेकल्याचा एक बारीक ठिपका होता. काना दिलेला नव्हता.