टप्पा क्रमांक दोनवरील वाहतूक

दोन शहरांना जोडणाऱ्या द्रुतगती महामार्गाचा टप्पा क्रमांक दोन हा टप्पा क्रमांक एकच्या आधी पूर्ण झाला, याबद्दल खात्याला दोष देता येणार नाही. टप्पा एकची जमीन कोर्टात अडकली होती. टप्पा तीनमध्ये नदी होती, आणि पूल नदीवरून न्यावा की नदी पुलाखालून न्यावी यावर दोन तज्ज्ञ समित्यांचे एकमत होत नव्हते. मधल्या टप्प्याला मात्र कुणाचीच हरकत आली नाही, कारण मध्ये कुणी राहतच नव्हते. त्यामुळे तो वेळेत झाला. लांबी चौदा किलोमीटर, सहा मार्गिका, संपूर्ण रस्ता खांबांवर, जमिनीपासून चाळीस फूट उंच. दोन्ही टोकांना तो हवेत संपत होता. तिथे लाल-पांढऱ्या फळ्या ठोकून ‘पुढे काम चालू आहे’ अशी पाटी लावली होती. पुढे काम चालू नव्हते, पण पाटी नियमाप्रमाणे होती.

पूर्ण झालेल्या टप्प्याचे वर्षाअखेरपर्यंत उद्घाटन झाले नाही, तर तो अपूर्ण समजावा, असाही नियम होता. मंत्र्यांनी तारीख दिली. उद्घाटन म्हटले की रस्त्यावरून निदान एक गाडी जायला हवी, म्हणून खात्याची पांढरी गाडी क्रेनने वर चढवायचे ठरले. क्रेनवाल्याने अट घातली की ड्रायव्हर आत बसल्याशिवाय गाडी उचलणार नाही. उद्या ब्रेक सुटला तर जबाबदार कोण? तेव्हा ड्रायव्हरला पट्टा लावून, गाडीसकट वर चढवण्यात आले.

हा ड्रायव्हर खात्यात एकतीस वर्षे होता. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. एकतीस वर्षांत अपघात नाही, उशीर नाही, उलट उत्तर नाही. हवेत झुलतानाही त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि अधूनमधून आरशात मागे पाहत होते.

मंत्री बांधकामाच्या लिफ्टने वर आले. फीत कापली, काकांच्या गाडीत बसून चौदा किलोमीटर गेले, चौदा किलोमीटर परत आले, आणि भाषणात म्हणाले की दोन शहरांमधले अंतर आता अंतर राहिलेले नाही. टाळ्या झाल्या. मंत्री खाली उतरले, लिफ्ट सुटी करून नेली, क्रेन दुसऱ्या उद्घाटनाला गेली. काका लोखंडी शिडीने उतरले. ती एकच शिडी होती, आपल्या शहराकडच्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले.

“साहेब, गाडी वरच राहिली.”

“वर म्हणजे कुठे?”

“रस्त्यावर.”

“मग ठीक आहे की. गाडी रस्त्यावरच असायला हवी.”

“ती खाली आणायची कधी?”

साहेबांनी टेबलावरची कॅलेंडरची पाने चाळली. “टप्पा एक झाला की तुम्ही स्वतःच चालवत आणा. तोवर जिथे गाडी तिथे ड्रायव्हर. उद्यापासून तुमची हजेरी वर.”

काका मान हलवून निघाले. वर जाऊन दिवसभर गाडीत बसून राहायचे आणि संध्याकाळी उतरायचे, एवढेच काम असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण आठवड्याने मुख्यालयाचा तक्ता आला. उद्घाटन झालेल्या प्रत्येक टप्प्यावरची रोजची वाहतूक रोज कळवायची होती. हे काम कनिष्ठ अभियंता असलेल्या मॅडमकडे आले. त्या नोकरीत नव्या होत्या, म्हणून त्यांनी खरा आकडा भरला. शून्य. संगणकाने तो घेतला नाही. ‘कृपया योग्य संख्या भरा’ असे लाल अक्षरांत उमटले.

“सर, रस्त्यावर चढायलाच वाट नाही, असं कळवूया का?” मॅडमनी विचारले.

“वाट हा टप्पा एकचा विषय आहे,” साहेब म्हणाले. “आपण टप्पा दोनचे. दुसऱ्याच्या विषयात नाक खुपसू नये. काकांना सांगा, एक चक्कर मारा.”

काकांनी एक चक्कर मारली. मॅडमनी एक भरला. संगणकाने आभार मानले.

महिन्याभरात मुख्यालयाचे पत्र आले की सहा मार्गिकांच्या रस्त्यावर दिवसाला एक वाहन ही चिंतेची बाब आहे. साहेबांनी चिंता काकांकडे वर्ग केली. चकरा बावीस झाल्या. मग पत्र आले की जड वाहनांचा रकाना रिकामा का. तेव्हा दर चौथ्या फेरीला काकांच्या डिकीत वाळूची पोती टाकण्याचा आदेश निघाला. पोती, डिझेलचे कॅन आणि काकांचा डबा, सगळे खालून दोरीने वर यायचे.

त्यातच शिडीजवळच्या कॅमेऱ्याने काकांना पकडले. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना बंदी असते, आणि शिडी ते गाडी हे वीस पावलांचे अंतर काका रोज पायी जात होते. नोटीस निघाली. साहेबांनीच सही केली आणि साहेबांनीच काकांना बोलावून ती हातात दिली.

“मग मी गाडीपर्यंत जाऊ कसा?”

“गाडी शिडीला लावून ठेवत जा.”

“ते पार्किंग झालं साहेब. आखलेल्या जागेबाहेर पार्किंगलाही बंदी आहे.”

साहेबांनी बराच वेळ नियमावली चाळली. “पळत जा,” ते शेवटी म्हणाले. “पळणाऱ्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही.”

सत्तावन्नाव्या वर्षी काका रोज वीस पावले पळू लागले.

हे सगळे त्यांनी मुकाट्याने केले असते. पण त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात दिली होती, आणि तिला दिवस गेले होते. जुना रस्ता पूर्वी पाच तासांचा होता. महामार्गाचे उद्घाटन झाल्यावर त्याची डागडुजी थांबली, कारण आता महामार्ग होता. तो सात तासांचा झाला. मुलगी बाळंत झाली, मुलगी झाली असा फोन आला, तेव्हा काकांनी आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांची रजा मागितली.

“काका, तुम्ही रजेवर गेलात तर वाहतूक शंभर टक्के घटेल,” साहेब म्हणाले. “मुख्यालयाला मी काय तोंड दाखवू? वाहतूक कधी रजेवर जाते का?”

“बरं, रविवारी तरी?”

“रविवारी तर वाढायला हवी.”

घरी बायको डबा भरता भरता म्हणाली, “रोज तीनशे किलोमीटर गाडी हाकता आणि पोरीपर्यंत पोचत नाही. नोकरी आहे की घाणा?”

काकांनी डबा उचलला. त्याहून वाईट तिकडून ऐकू येत होते. विहीणबाईंनी उद्घाटन टीव्हीवर पाहिले होते, गाडीत काकांना ओळखलेही होते. “दीड तासाचा रस्ता झालाय, त्याच रस्त्यावर वडील कामाला आहेत, आणि नातीचं तोंड बघायला येत नाहीत,” असे त्या मुलीला ऐकवत. मुलगीच झाली म्हणून येत नसतील, असेही एकदा म्हणून झाले. मुलीने हे फोनवर सांगितले नाही. जावयाने सांगितले.

त्यानंतर दोन दिवस डबा वर गेला तसाच खाली आला.

बाळ तीन महिन्यांचे झाले. डॉक्टर म्हणाले, या रस्त्याने एवढ्या लहान बाळाला सात तास न्यायचे नाही. फार तर तास-दोन तास, सावकाश. तेव्हा मुलीने हिशेब केला. टप्पा दोनचे पलीकडचे टोक तिच्या शहरापासून दोन तासांवर होते आणि जुना रस्ता बरोबर त्याच्या खालून जात होता. जावयाने मित्राची गाडी मागून आणली.

दुपारी बाराला काकांनी गाडी पलीकडच्या टोकाला फळ्यांशी थांबवली, इंजिन बंद केले, आणि काठावर पालथे पडून खाली पाहिले. चाळीस फूट खाली मुलगी बाळ दोन्ही हातांवर उचलून उभी होती.

“दिसतंय का, बाबा?”

“डोकं दिसतंय. केस बरेच आहेत.”

“तुमच्यावर गेली म्हणतात सगळे.”

“माझ्यावर जाऊन केस कसे?” काका म्हणाले, आणि काठावर आणखी पुढे सरकले. “जरा वर तोंड कर तिचं.”

मुलीने केले. उन्हामुळे बाळाने डोळे मिटून घेतले.

“खाली येता येईल का हो, बाबा?” जावयाने विचारले.

“शिडी चौदा किलोमीटर मागे आहे. तिथून जुन्या रस्त्याने बस मिळून इथे यायला दोन तास.”

जावयाला तीनपर्यंत गाडी परत द्यायची होती. काकांनी डिझेलची दोरी काढली. बायकोने विणलेले टोपडे डब्याच्या पिशवीत घालून खाली सोडले. मुलीने ते बाळाला घातले. ते एव्हाना घट्ट झाले होते.

“पिशवी भक्कम आहे,” काका वरून म्हणाले. “दोरीही चांगली आहे. रोज पन्नास किलो वर घेतो मी.”

“बाबा.”

“नाही, आपलं सांगितलं.”

बाळ रडायला लागले तशी ती निघाली. काका गाडीचा ठिपका होईपर्यंत काठावर पडून होते. मग उठले, कपडे झटकले आणि चौदावी फेरी सुरू केली.

एवढ्या वेळात पलीकडच्या टोकाच्या कॅमेऱ्यावरून संगणकाने आपले काम केले होते. मार्गावरील एकूण वाहने: एक. थांबलेली वाहने: एक. वाहतूक कोंडी: शंभर टक्के. कालावधी: बावीस मिनिटे. देशातल्या कुठल्याही महामार्गावर शंभर टक्के कोंडीची नोंद याआधी झालेली नव्हती. मुख्यालयाने अर्ध्या तासात खुलासा मागवला.

साहेब प्रथम घाबरले. मॅडम घाबरल्या नाहीत. त्यांनी ठरवले की आता तरी खरे लिहायचे, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: ‘चालक आपल्या नातीला पाहण्यासाठी थांबला होता. सध्याच्या परिस्थितीत या रस्त्यावर दुसरे वाहन येऊच शकत नाही.’

मुख्यालयात पहिले वाक्य व्यक्तिगत म्हणून वगळले. दुसरे वाक्य ठळक करून मंत्र्यांपुढे ठेवले. रस्ता इतका भरला आहे की दुसरे वाहन येऊच शकत नाही. मंत्र्यांनी त्याच दिवशी घोषणा केली की टप्पा दोन अपुरा पडत असून तो दहा मार्गिकांचा करण्यात येईल. त्यासाठी टप्पा एक आणि टप्पा तीनची यंत्रे, माणसे आणि निधी तूर्त टप्पा दोनकडे वळवण्यात आला.

साहेबांना बढती मिळाली. मॅडमना नेमके निरीक्षण नोंदवल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले. ते घेऊन त्या संध्याकाळी काकांकडे गेल्या आणि रडल्या. काकांच्या बायकोने त्यांना चहा दिला. “खरं लिहायचं तर सगळ्यांत सोप्या शब्दांत लिहावं, पोरी,” ती म्हणाली.

“याहून सोपं काय लिहू, काकू?” मॅडम म्हणाल्या. काकूंनी त्यांचा कप पुन्हा भरला.

वर्षभराने काका निवृत्त झाले. निरोपाच्या वेळी नवे साहेब म्हणाले की त्यांच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण होईल, आणि ती खरोखरच शंभर टक्के होती. दुसऱ्याच दिवशी नवा ड्रायव्हर शिडीने वर चढला. काका आणि काकू पहिल्या बसने मुलीकडे निघाले. नात आता चालत होती. तिने आजोबांना जवळून कधी पाहिले नव्हते, म्हणून ती आपल्याला घाबरेल का, असे काकांनी बसमध्ये दोनदा विचारले. काकू म्हणाली, खाली वाकून बोला म्हणजे झालं, तिला तेवढीच सवय आहे तुमची, आणि मग स्वतःच डोळे पुसू लागली.

चौथ्या तासाला बस टप्पा दोनच्या खाली अडकली. रुंदीकरणाच्या नव्या खांबांसाठी जुना रस्ता अर्धा खणला होता. दीड तास बस जागची हलली नाही. पुढच्या आसनावरचे गृहस्थ घाम पुसत उठले. त्यांच्याकडे छापील निवेदन होते: ‘महामार्गाचे रुंदीकरण त्वरित पूर्ण करा.’ ते एकेकाची सही घेऊ लागले.

“लोकांना शिस्त नाही हो,” ते काकांना म्हणाले. “सगळे एकदमच गाड्या काढतात. वरती मुंगीला शिरायला जागा नाही म्हणे.”

“वर एकच गाडी आहे,” काका म्हणाले. “मी चालवत होतो.”

“खरंच हेच चालवायचे,” काकू म्हणाली.

गृहस्थ हसले. आजूबाजूचे दोन-चार जणही हसले. कुणीतरी म्हणाले, उन्हाचं होतं असं, पाणी द्या आजोबांना. पाणी आले. काकांनी ते प्यायले आणि खिडकीतून वर पाहिले. डोक्यावरच्या रस्त्यावरून एक पांढरी गाडी आरामात गेली. काकांनी ती दाखवलीही. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांचे डोळे फोनवर होते, आणि फोनवर महामार्गाचा नकाशा गडद लाल दिसत होता.

निवेदन काकांच्या हातात आले. माझ्याकडे पेन नाही, असे म्हणून त्यांनी तो कागद सही न करता मागच्या आसनाकडे सरकवला.

मागच्या आसनावर तुम्ही होतात. तुमच्याकडे पेन होते.