धर्मानाना आणि बिनडोळ्यांचा मासा

नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत चोर एक वेळ बिनबोभाट शिरेल, पण मासा शिरणार नाही. जिन्याच्या तोंडाशी धर्मानाना खुर्ची टाकून बसलेले असतात. उरणचे कोळी. होडी विकून आमच्या तळमजल्यावर राहायला आले आणि सगळ्या इमारतीचे मासळी-इन्स्पेक्टर झाले. पिशवी दिसली की मागून घेतात, माशाचा कल्ला उचलतात, डोळ्याला डोळा भिडवतात आणि निकाल देतात, "परवाचा हाय. परत कर." एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंचा दुधीही त्यांनी असाच तपासला. दुधी नापास झाला.

मी साताऱ्याकडचा, बायको वृंदा मालवणची. सासरवाडीत माझी ख्याती 'काट्याला घाबरणारे जावई' अशी. ती पुसायची म्हणून लग्नाच्या वाढदिवसाला मी गर्जना केली, "आज तू स्वयंपाकघरात यायचं नाही. सालमन मी करणार!" टीव्हीवर एका बाईने तो परदेशी मासा गप्पा मारता मारता केला होता. दोघांसाठी, एकदम सोपा. वृंदा नुसतं "बरं" म्हणून ऑफिसला गेली. त्या 'बरं'मध्ये अख्खं मालवण हसत होतं.

वाशीच्या मॉलमधून मी दोन गुलाबी तुकडे आणले. तेवढ्या पैशात कळंबोलीला जुना ट्रक आला असता. नानांनी पाकीट उलटंपालटं केलं.

"याचा डोका कुटं हाय?"

"असाच मिळतो, नाना."

"डोला नाय, कल्ला नाय, मंग वलखायचा कसा? चल, मी येतो. एकल्यानं नको करू."

नाना स्टूल ओढून ओट्याशी बसले. मी मीठ-लिंबू चोळलं, तुकडे तव्यावर टाकले, टीव्हीतल्या बाईसारखे झोकात उलटले आणि काढायला गेलो.

"थांब! अजून तांबडा हाय. म्हावरा शिजला का पांढरा होतो."

ज्याचा उभा जन्म दर्यावर गेला त्याच्यापुढे मी काय बोलणार? आम्ही तो पांढरा व्हायची वाट पाहू लागलो. झाकण ठेवलं. "जाल वाढव," नाना म्हणाले. वाढवला. धूर असा, की उलव्याच्या विमानतळावरून विमानं माघारी गेली असती. मासा बाहेरून डांबर झाला, आतून गुलाबीच. मी उलथनं मारलं तर टण्ण वाजलं.

"अजून कच्चा!" नाना म्हणाले.

एवढ्यात वृंदा आली. तिने खिडक्या उघडल्या, एक तुकडा कसाबसा मोडला. "अहो, हा जातीचाच गुलाबी. शिजला तरी गुलाबीच राहतो."

नानांचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच माशाने त्यांना फसवलं होतं. ते उठून खाली गेले. मीही त्यांच्यामागून जाऊन तिकडेच लपावं असं फार वाटलं. पण तेच डबा घेऊन परत आले.

"रावसाचा कालवन हाय. दोगांपुरता."

वृंदाने झाकण काढलं. आत दोन तुकडे. "नाना, तुम्ही तर एकटे राहता. मग दोघांपुरतं कसं?"

"हाताला एकाचा माप येत नाय," नाना दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. "म्हातारी गेली, तरी तिचा ताट वाढतो. जरा वेल थांबतो. मंग मांजरीला घालतो."

वृंदाने तीन ताटं मांडली. "माजा जेवन झालाय," असं नाना म्हणत राहिले. त्यांचं जेवण तर आम्हाला आणलेल्या डब्यात होतं. वृंदाने हाताला धरून बसवलं तेव्हा बसले. मांजरी मागोमाग आलीच होती. तिला सालमन घातला. तिने तो हुंगला आणि नानांच्याच थाटात नापास केला.

वाढायला नानांनीच घेतलं. एक तुकडा आम्हा पुरुषांत निम्मा निम्मा. दुसरा, पोटाकडचा, अख्खा वृंदाच्या ताटात. मग हात मांडीवर ठेवून ते थांबले. मीही थांबलो.

वृंदाने घास मोडला, खाल्ला.

तेव्हा कुठे नानांनी आपल्या ताटाला हात लावला.