तीनशे सतरा नंबरचा पोचा

सिरिलने सायकल उलटी केली, पेडल फिरतात त्या नळीखालचा रंग खरवडला आणि आकडा दिसताच शेडमध्ये एकटाच ओरडला, "सापडली रे! विल्फची सापडली!"

आकडा होता ३१७. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या सायकल क्लबच्या जुन्या वहीत तो विल्फच्या नावापुढे होता. ऑलरॉइड नावाच्या कारागिराने हाताने जोडलेली ती सायकल विल्फने थोरली मुलगी झाली तेव्हा विकली, आणि त्यानंतर दर रविवारी चढ लागला की तो तिचीच आठवण काढी. "ती असती ना, तर दाखवलं असतं तुम्हाला!" एवढं म्हणायचा आणि सगळ्यांच्या मागून वर पोचायचा. आता ती जुन्या बाजारात मिळाली होती, अंगाला कुणीतरी फाटकाचा हिरवा रंग फासलेला.

वेळ मात्र थोडा होता. विल्फने जाहीर केलं होतं, "पंचाहत्तरी झाली की सायकल बंद. गुडघे ऐकत नाहीत." विल्फ नसलेला रविवार सिरिलला कल्पनेतही नको होता. ही सायकल पाहिली की गडी पुन्हा टांग मारणार, याची त्याला खात्री होती.

"कुणाला बोलू नकोस," असं बजावून त्याने फक्त परसीला सांगितलं. परसी क्लबचं दप्तर सांभाळायचा, आणि जुन्या सायकलींतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं ठाम मत होतं. संध्याकाळी सिरिलच्या शेडमध्ये अकरा म्हातारे चहाचे मग घेऊन उभे होते.

"ऑलरॉइडचा लाल म्हणजे जांभळाकडे झुकणारा लाल," परसी म्हणाला.

"तुझे डोळे झुकलेत जांभळाकडे. चांगला विटकरी होता तो!" सिरिल उसळला.

या एका लालापायी तीन रविवार गेले. विल्फ बिचारा दर शनिवारी फोन करायचा. "उद्या निघायचं ना?" कधी सिरिलचा घसा बसलेला असे, कधी पाठ धरलेली. बाकीच्यांनाही विल्फचा फोन आला की नेमकी अशीच दुखणी होत.

मग पोच्याचा प्रश्न आला. वरच्या दांड्याला बरोबर मधे अंगठा बसेल एवढा पोचा होता.

"ऑलरॉइडकडून निघाली तेव्हा काही पोचा नव्हता," परसी गरजला. "मूळ रूप म्हणजे मूळ रूप!"

"नोराला विचारूया का एकदा?" सिरिलने भीत भीत विल्फच्या बायकोचं नाव काढलं.

"नोराला? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही! संपलंच मग."

पोचा काही केल्या निघेना, तेव्हा सिरिलने अख्खा दांडाच बदलला. जुना भंगारवाल्याच्या गाडीत गेला.

आणि वाढदिवसाच्या आदल्या सकाळी सिरिलच्या दारातून एक पाकीट आत पडलं. आत विल्फचा क्लबचा बिल्ला होता आणि चिठ्ठी. 'समजलं मला. म्हाताऱ्याचं ओझं कुणाला हवं? राग नाही. विल्फ.' सिरिल पायरीवरच बसला. आपण काय करून बसलो, म्हणून त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अकराही जण सायकलींसह विल्फच्या अंगणात हजर. मधे ती, लालभडक, सोनेरी रेघांची. विल्फने तिच्याभोवती एक फेरी मारली. वाकून नंबर वाचला. मग वरच्या दांड्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्याचा चेहरा पडला.

"नंबर माझा आहे," तो हळूच म्हणाला. "सायकल माझी नाही. झकास केलीत हो, पण माझीला इथे पोचा होता. थांबलो की अंगठा तिथेच असायचा माझा."

बाकीचे दहा जण परसीकडे बघू लागले. परसी बुटांकडे बघू लागला.

"पोचा काढलात?" दारातून नोरा कडाडली. "अरे अकलेच्या कांद्यांनो, तो पोचा माझा होता! नवं लग्न, आईबाबा जेवायला आलेले, आणि हा एक वाजता येतो सांगून सहाला उगवला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच म्हणाला. मी तवा भिरकावला. हा वाकला, सायकल नाही वाकली."

"त्यानंतर मी कधी उशीर केला?" विल्फ म्हणाला.

"कशाला करशील?" म्हणत ती आत गेली आणि बिडाचा तवा घेऊन आली. "व्हा बाजूला."

"एक मिनिट!" परसीला राहवेना. "तवा त्या काळचाच आहे ना?"

"तवा तोच, हात तोच. तू डोकं तेवढं मागे घे."

ठण्ण! नव्या रंगाचे टवके उडाले. सिरिलने डोळे मिटून घेतले. ते रंगाचं काम त्याचं होतं. विल्फने मात्र पुढे होऊन अंगठा टेकवला. तो बरोबर बसला.

"हीच," तो म्हणाला. सिरिलने खिशातून बिल्ला काढून त्याच्या कोटाला लावला. तिसऱ्या प्रयत्नात विल्फची टांग पलीकडे गेली.

"नोरा, एक वाजेपर्यंत येतो गं!"

तवा अजून तिच्या हातातच होता.

"साडेबारा," विल्फ घाईघाईने म्हणाला, आणि कधी नव्हे तो सगळ्यांच्या पुढे निघाला.