चौदा मे आणि साळिंदरीचे दोन शब्द

एका जंगलात, मुलांनो, सगळा कारभार सावलीवर चाले. ज्याची सावली लांब, तो मोठा. ज्याची आखूड, त्यानं मागे उभं राहायचं. पाणवठ्यावर तर तसा कायदाच होता: लांब सावलीला आधी पाणी.

म्हणून सकाळ-संध्याकाळ आधी हत्ती पीत, मग गवे, मग सांबरं. ससे आणि उंदरांची पाळी येईपर्यंत उन्हाळ्यात नुसता चिखल उरे. दुपारी पाणवठा बंद. दुपारी सावल्या लहान होतात आणि भांडणं मोठी, असं सरकारचं म्हणणं होतं. वाघमहाराजांची सावली मात्र कोणी मोजत नसे. ती लांबच असणार, असं धरून चालत.

याच जंगलात शलाका नावाची साळिंदर राहत होती. ती डोंगरापलीकडच्या कॉलेजात शिकून आली होती. शिकून आलेले बहुतेक जण सहा महिन्यांत शांत होतात. हिला दीड वर्ष झालं तरी राग येतच होता.

तिनं पाठीवरचा एक सरळसोट काटा उपटला, पाणवठ्याजवळच्या कातळाच्या भेगेत उभा रोवला आणि रोज भर दुपारी त्याची सावली मोजू लागली. थंडीत सावली चांगली पावलाएवढी होती. मार्चात बोटाएवढी झाली. एप्रिल सरता सरता नखाएवढी उरली.

"काकू, चौदा मे!" ती ओरडतच घुशीकाकूंकडे गेली. घुशीकाकू त्याच कातळाखालच्या बिळात नऊ पिल्लांसह राहत. "त्या दिवशी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येणार. काट्याला सावलीच पडणार नाही!"

"बरं."

"बरं काय? कोणाचीच दिसणार नाही. हत्तीची नाही, महाराजांचीसुद्धा नाही. मग पाणवठ्यावर पहिला कोण?"

"कोण?"

"कोणीच नाही! कायद्यानंच सगळे एकदम!"

घुशीकाकूंनी धाकट्याला कुशीत ओढलं. त्याची जीभ तीन दिवस कोरडी होती. "बये, तुझा सूर्य असा किती वेळ थांबणार?"

"मिनिटभर. फार तर दोन."

"आणि मला पोरं नऊ. सगळ्यांना पाजायचं तर अर्धा तास हवा. त्याला म्हणावं, आलाच आहेस तर जरा बसून जा."

शलाका चिडली. पण ती हिशेब विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. तिथं एका मोठ्या शिळेवर वर्षभराचे दिनविशेष लिहिलेले होते. आज महाराजांची जयंती, उद्या त्यांच्या काकांचा विजयदिन, परवा त्या विजयाच्या आठवणीचा दिन. चौदा मे तेवढा कोरा होता. उन्हाच्या त्या काहिलीत राजघराण्यात कोणी जन्मलं नव्हतं की कोणी काही जिंकलं नव्हतं.

शलाकानं अर्ज वाचला. चौदा मेला दुपारी पाणवठा उघडावा आणि सर्वांनी शून्य सावली पाहावी.

"म्हणजे आमचीही सावली जाणार?" महाराजांनी विचारलं.

"पोटाखाली जाईल, महाराज. बाहेर दिसणार नाही."

"कोणाच्या परवानगीनं?"

प्रधान तरस हसले. ते नेहमीच हसत. "महाराज, दिवस कोराच आहे. भरून टाकू." आणि त्यांनी शिळेवर लिहिलं: 'याच दिवशी महाराजांच्या पणजोबांनी सूर्याला माथ्यावर थांबायला लावलं.'

"कधी?" शलाकानं विचारलं.

"फार पूर्वी."

"पुरावा?"

"अहो, सूर्य अजून थांबतोय की. तुम्हीच तर मोजलंत! तुमचा जाहीर सत्कार करू, शलाकाताई."

चौदा मे उजाडला. ऊन कडक. म्हणून पळसाच्या पानांचा भव्य मांडव घातला होता. सावली जाण्याचा सोहळा सावलीत बसून पाहायचं ठरलं होतं. मांडव भरलेला दिसावा म्हणून पाणवठ्यावरचे पहारेकरी गवेसुद्धा आत बोलावले होते. लहानांना आत जागा नव्हती. त्यांनी बाहेरून टाळ्या वाजवायच्या होत्या.

"प्रधानजी, बाहेर चला! वेळ होत आली!" शलाका व्यासपीठावर तळमळत होती.

"आधी स्वागतगीत," तरस म्हणाले.

मग प्रास्ताविक झालं. मग नारळ. मग शाल. शाल तिच्या काट्यांत अडकली आणि चार माकडं ती दोन्हीकडून ओढू लागली. तेवढ्यात मांडवाच्या फटीतून शलाकाला कातळ दिसला. काटा उभा होता. त्याला सावली नव्हती. जराही नव्हती.

काट्याशेजारी घुशीकाकू उभ्या होत्या. त्यांनी काट्याकडे पाहिलं. मग मोकळ्या पाणवठ्याकडे पाहिलं.

"अगं बाई, खरंच की! चला रे पोरांनो. आज पहिला कोणी नाही."

नऊ पिल्लं धावली. त्यांच्यामागे ससे, सशांमागे उंदीर.

'ते पाहा!' हे शब्द शलाकाच्या ओठांवर आले. अख्ख्या दरबाराला दाखवायची, आयुष्यात एकदा मिळणारी संधी! पण मांडवातल्यांनी काटा पाहिला असता तर त्यांना पाणवठाही दिसला असता. आणि सूर्य तर आता सरकायला लागणार होता. तिनं ते शब्द गिळले.

"सत्काराला दोन शब्दांत उत्तर द्या," तरस म्हणाले.

"थोडक्यात सांगते," शलाका म्हणाली, आणि मांडवातल्या जाणत्यांनी डोळे मिटून घेतले.

तिनं पृथ्वीच्या आसापासून सुरुवात केली. तो साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे तिनं सांगितलं. कलला नसता तर काय झालं असतं, तेही सांगितलं. कर्कवृत्ताशी महाराज घोरू लागले. मकरवृत्ताशी गवे. बाहेर चार पिल्लांचं पिऊन झालं होतं.

"हा मुद्दा महत्त्वाचा असल्यानं पुन्हा सांगते," शलाका म्हणाली.

अर्ध्या तासानं धाकट्यानं पाण्यातून तोंड वर काढलं आणि खणखणीत ढेकर दिली. घुशीकाकूंनी ओल्या मिशा झटकून खूण केली.

"एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

टाळ्यांनी महाराज जागे झाले. "वा! आम्हाला सगळं समजलं. हा दिवस पुन्हा कधी येतो?"

"एकोणतीस जुलैला, महाराज. वर्षातून दोनदा येतो. पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही."

"मग तर उत्तमच!" महाराज म्हणाले. तरसांनी लगेच शिळेवर लिहून घेतलं.

संध्याकाळी हत्ती पाणवठ्यावर आले. "पाणी एवढं खाली कसं गेलं?"

"ऊन हो, ऊन!" बिळातून काकूंचा आवाज आला.

आणि दुसऱ्याच दिवशी शलाका नवा अर्ज घेऊन दरबारात हजर झाली. विषय: एकवीस जून, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. भाषणही त्याच मापाचं ठेवावं, ही नम्र विनंती.

तात्पर्य: ज्ञानानं समता येते, असं मोठी माणसं सांगतात. मुलांनो, ज्ञानानं झोप येते. समता तेवढ्या वेळात उरकून घ्यावी.