फिलोमिना आंटींची सोफी

गुदैबियातल्या आमच्या गल्लीत सकाळी गाड्या खोळंबल्या की समजायचं, फिलोमिना आंटींच्या सोफीला पारवा दिसलाय. सोफी एक पाय उचलून, नाक पारव्याकडे रोखून पुतळ्यासारखी उभी राहते. मागे दुधाची पिशवी घेऊन आंटीही तशाच. कोणी हॉर्न वाजवलाच तर शांतपणे म्हणतात, "ती कामावर आहे."

आंटी वसईच्या. इथे बहारिनमध्ये हॉस्पिटलात नर्स, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. सोफीला कुत्री म्हटलेलं त्यांना चालत नाही. 'ब्राक द्यु बूर्बोने' म्हणायचं. ही फ्रान्समधली शिकारी जात, तिथेही आता फार थोडी उरलेली. वॉचमन 'बुरबुरे' म्हणाला, तर त्याला जिन्यात थांबवून तीनदा घोकायला लावलं. सोफीची शेपटी जन्मतःच आखूड. ती कोणी कापली म्हणून हळहळणाऱ्याला जातीचा अख्खा इतिहास ऐकावा लागतो. तिला हुकूम फ्रेंचमधलेच कळतात असं आंटींचं म्हणणं, म्हणून त्या पन्नाशीनंतर तेवढे शब्द शिकल्या. सूर मात्र वसईच्या बाजारात पापलेटाचा भाव पाडतानाचा.

मुंगीही न मारणाऱ्या बाईला शिकारी जनावर कशाला, असं मी एकदा विचारलं. घराला राखण हवी, म्हणाल्या. सोफी तर भुंकतसुद्धा नाही.

मग एका शुक्रवारी टॅक्सीवाल्याने सोफीला घ्यायचं नाकारलं आणि आंटींनी मला समुद्राकाठच्या हिद्दला सोडायला सांगितलं. तिथे एका घराच्या अंगणात व्हीलचेअरवर एक म्हातारे बहारिनी गृहस्थ बसले होते. सोफीचे मूळ मालक. तिला घेऊन ते शिकारीला जायचे. झटका आला, अर्धं अंग आणि वाचा गेली, आणि ते आंटींच्या वॉर्डात आले. त्यांची मुलं सोफीला कोणाला तरी देऊन टाकणार होती, ती आंटींनी मागून घेतली. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकलेला नाही.

आम्ही खुर्ची किनाऱ्यावर नेली. ओहोटीच्या चिखलात एक तुतवार चरत होता. सोफी जागीच थिजली. म्हाताऱ्यांनी चांगला हात हळूहळू वर केला.

"यल्ला."

'चल' अशा अर्थाचा हा अरबी शब्द; आजारानंतर एवढा एकच त्यांना परत मिळाला होता. सोफी झेपावली, पक्षी उडाला, म्हातारे अर्ध्या तोंडाने मनसोक्त हसले. आंटींनी आपल्या रुमालाने त्यांची हनुवटी पुसली.

खुर्ची अंगणात परत आणून निघताना मी म्हटलं, आंटी, यंदा तरी वसईला जाऊन या, शुक्रवारचं मी बघतो. त्या सोफीच्या पायाचा चिखल काढत राहिल्या.

"जाईन रे," त्या म्हणाल्या, "पण तिथे माझी अशी वाट कोण बघतं?"

अंगणातून म्हातारे अजून हात हलवत होते. आंटींनी गाडीची काच खाली केली आणि वळणापर्यंत त्याही हात हलवत राहिल्या.